मैनेला कोणी विचारले?

मंडळी, सीमाप्रश्नावरील या धाग्यात आजवर आपण आयोग, अहवाल, नकाशे आणि खटले पाहिले. आजचा भाग एका गाण्याविषयी आहे. ते गाणे माझ्या घरातून गेलेले असल्यामुळे या वेळी मला तटस्थपणाचा आव आणता येणार नाही. भाग मोठा आहे, सवडीने वाचावा.

अण्णा भाऊ साठे यांची ‘माझी मैना’ ही छक्कड आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेली असेल: स्नेहसंमेलनात, जयंतीच्या मिरवणुकीत, नाही तर मोबाईलवरील अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितीत. मी ती प्रथम आज्जाच्या तोंडून ऐकली. चारचौघांत प्रथम गायली ती डिसेंबर २०२२ मध्ये, कोल्हापुरातील आमच्या वसतिगृहाच्या गच्चीवर. तो महिना कसा होता हे आठवत असेल. इकडे कर्नाटकच्या बसगाड्यांना काळे फासले जात होते, तिकडे हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या मालमोटारींवर दगडफेक झाली होती. सीमेपलीकडच्या एस. टी. फेऱ्या थांबल्या होत्या आणि मुली घरी जाता येत नाही म्हणून अडकून पडल्या होत्या. दोन्ही राज्यांच्या विधिमंडळांनी त्याच महिन्यात, पाच दिवसांच्या अंतराने, एकमेकांविरुद्ध ठराव केले.

गच्चीवर ढोलकी नव्हती. माझ्या खोलीतील मैत्रीण स्टीलच्या ताटावर ठेका धरून बसली होती. ती अथणी तालुक्यातील, घरी कन्नड बोलणारी. पूर्वार्ध झाला तेव्हा मुली डोलत होत्या, मैनेच्या वर्णनाला हसत होत्या. मग गाण्याने वळण घेतले, मुलखांची नावे आली आणि गच्ची उसळली. टाळ्यांच्या जागी मुठी आल्या, कोणीतरी घोषणा दिली, बाकीच्यांनी ती उचलली. मलाही स्फुरण चढले, हे लपवण्यात अर्थ नाही. त्या गोंगाटात ताटावरचा ठेका केव्हा थांबला ते मला कळले नाही. गाणे संपल्यावर पाहिले तर ताट शेजारी पालथे ठेवलेले होते. ती उठून गेली नव्हती, शेवटपर्यंत बसली होती.

रात्री दिवा मालवल्यावर ती एवढेच म्हणाली, “पहिलं गाणं आमच्या अप्पांचं आहे. दुसरं कुणाचं गं?”

तिचे वडील उमेदीची वीस वर्षे इचलकरंजीत यंत्रमागावर होते. आई आणि मुले गावी. सणाला घरी यायचे, चार दिवस राहून परतायचे. इचलकरंजीच्या मागांवर उत्तर कर्नाटकातून आलेले असे कितीतरी कामगार आहेत. पोटासाठी बायकोला गावी ठेवून परक्या शहरात राबणारा पुरुष हा त्या छक्कडीचा नायक. तो तिच्या घरातला माणूस होता, फक्त त्याचा प्रवास उलट दिशेने झाला होता. त्याचे गाव कर्नाटकात आणि त्याची ‘मुंबई’ महाराष्ट्रात.

तिने दोन गाणी म्हटली, आणि ऐकणाऱ्याच्या बाजूने ते खरे आहे. रचना मात्र एकच आहे. अण्णा भाऊंनी केलेली करामत समजून घ्यायची तर प्रकार लक्षात घ्यावा लागतो. छक्कड ही लावणीच्या कुळातली, तमाशाच्या फडावर वाढलेली. तिच्याकडून प्रेक्षकाची अपेक्षा शृंगाराची असते. अण्णा भाऊ ती अपेक्षा आधी पुरी करतात: मैनेचे रूप, निरोपाची घडी, तिचे मागे उभे राहणे, मग मुंबईचा झगमगाट आणि त्याच्या पायथ्याची बेकारी. श्रोता आपल्या घरच्या आठवणीने हळवा झाला, की त्याच्या हाती अलगद नकाशा दिला जातो. माझी आणि तिची झाली तीच ताटातूट या महाराष्ट्राची झाली आहे, असा तो सांधा आहे. पुढे फाउंटनवरचा लढा येतो. विरहाचे गाणे पाहता पाहता मोर्चाचे होते.

हा सांधा जुळवणारा माणूस कोण होता, हे जयंतीच्या फलकांवरून कळत नाही. १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगावात मातंग कुटुंबात जन्म, शाळा नावापुरती, कुटुंबाबरोबर पायी मुंबई गाठणे, गिरणीतील काम, माटुंग्याच्या लेबर कॅम्पात कम्युनिस्ट चळवळीशी पडलेली गाठ, आणि अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह उभे केलेले लाल बावटा कलापथक. गावी मागे ठेवलेले माणूस म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. शिवाय संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांचा महाराष्ट्र हा कामगारांचा होता. ज्या मुंबईच्या घामावर शहर उभे आहे ती मुंबई त्या घामाच्या भाषेच्या राज्यात असावी, असा तो दावा होता. आज ही छक्कड लावून मिरवणूक काढणाऱ्यांमध्ये लाल, निळे, भगवे सर्व रंगांचे झेंडे असतात. प्रत्येकाला तीतला आपापला तुकडा हवा असतो. गाणे एकाच वेळी सर्वांचे झाले म्हणून आनंद मानावा, की कोणीच ते पूर्ण ऐकत नाही म्हणून खंत करावी, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

आता त्या नावांकडे वळू. उत्तरार्धात बेळगाव, कारवार, डांग आणि उंबरगाव असे मुलूख येतात. चळवळीच्या सभांतील घोषणेत निपाणी आणि गोवाही असत. ही यादी एका दमात म्हटली जाते, पण तिच्यातील प्रत्येक नावाचे पुढे वेगळे झाले.

उंबरगाव तालुका तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. १९६० साली त्याचा मोठा भाग गुजरातेत गेला आणि डांगही गेले. दोन्हींसाठी त्या काळी हिरिरीने वाद झाले होते. मध्यंतरी मी पदवीच्या मुलांना विचारले, उंबरगाव कोठे आहे? एकाला तेवढे ठाऊक होते, तेही दूरदर्शनच्या ‘रामायण’ मालिकेचे चित्रीकरण तेथे झाले म्हणून. त्या नावांवर आज कोणाची मूठ वळत नाही. गाताना ती केवळ ठेक्यासाठी उच्चारली जातात. म्हणजे एकाच गाण्यातले अर्धे शब्द थंड झाले आहेत आणि अर्धे अजून चटका देतात. निषेधाचे गाणे त्यातील सत्यामुळे टिकते असे आपण सहज म्हणून जातो. डांगविषयी गाण्यात जे म्हटले आहे ते तेव्हा खरे होते आणि आज खोटे झाले असे काही घडलेले नाही. घडले एवढेच, की तेथील तंटा मावळला, आणि शब्द राहिले.

बेळगावात तो मावळला नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, तेव्हापासून तेथे एकाच तारखेला एका घरावर राज्योत्सवाची पताका असते आणि शेजारच्या घरात काळा दिवस असतो. जून १९८६ मध्ये कन्नड सक्तीविरोधी आंदोलनात गोळीबार होऊन माणसे मेली, हिंडलग्याला त्यांचे स्मारक आहे. २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे, ८६५ गावांचा. २००५ साली बेळगाव महापालिकेने महाराष्ट्रात सामील होण्याचा ठराव केला आणि कर्नाटक सरकारने महापालिका बरखास्त केली. २०१२ मध्ये तेथे सुवर्ण विधानसौध उभे राहिले, २०१४ मध्ये शहराचे नाव बेळगावी झाले. अशी दर काही वर्षांनी नवी खपली निघते आणि छक्कडीला नवे श्रोते मिळतात. गाणे टिकवून धरण्यात कवीच्या प्रतिभेइतकाच प्रलंबित खटल्याचा वाटा आहे, असे म्हटले तर अण्णा भाऊंचे चाहते रागावतील. मी स्वतः त्यांची चाहती आहे, तरी म्हणते.

मात्र तेथील मराठी माणूस हे गाणे ऐकतो तेव्हा काय ऐकतो? आमच्या वर्गात बेळगावचा एक मुलगा होता. वडील समितीचे कार्यकर्ते, लहानपणापासून मोर्चे पाहिलेला. माझ्या गच्चीवरील गायनाचे कौतुक त्याच्या कानावर गेले तेव्हा तो हसून म्हणाला, “पुण्या-कोल्हापूरच्या लोकांना आम्ही गाण्यात फार आवडतो.” पुढे काही बोलला नाही. सरकारी कचेरीतला कन्नड अर्ज, दुकानाच्या पाटीचा आकार, मराठी शाळेची घटती पटसंख्या, यांतले काहीच गाण्यात येत नाही आणि मोर्चातून घरी गेल्यावर तेच उरते. २०१८ आणि २०२३ या दोन्ही विधानसभा निवडणुकांत समितीचा एकही आमदार निवडून आला नाही. याचा अर्थ तेथील मराठी माणसाने प्रश्न सोडला असा करणे घाईचे होईल. तो जिवंत आहे आणि त्याने काल गायलेले गाणेच उद्याही गावे अशी आपली अपेक्षा असते, एवढे मात्र त्यावरून माझ्या लक्षात आले.

येथे गोव्याची आठवण काढावीच लागते. घोषणेतील नावांपैकी, तुला कोणाकडे राहायचे, असे मतपेटी पुढे ठेवून विचारले गेले ते एकट्या गोव्याला. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात ३४,०२१ मतांच्या फरकाने गोव्याने महाराष्ट्रात विलीन होणे नाकारले. त्या प्रचारात उल्हास बुयांव कोंकणी गाणी म्हणत गावोगाव हिंडले. एका भाषेच्या चळवळीचे गाणे दुसऱ्या भाषेच्या गाण्याने परतवले, असा तो प्रसंग आहे. मला तो फार महत्त्वाचा वाटतो. छक्कड सगळी त्या पुरुषाच्या तोंडी आहे. मैना सुंदर आहे, कष्टाळू आहे, वाट पाहते आहे, आणि तिच्यावर आता दुसऱ्याची मालकी आहे ही त्याची तक्रार आहे. मालकी कोणाचीच नसावी, असे तिला वाटत असेल का, हा प्रश्न मुलगी म्हणून मला पडतो आणि इतिहासाची विद्यार्थिनी म्हणूनही पडतो. गोव्याच्या बाबतीत तिने तोंड उघडले, आणि उत्तर गाणाऱ्याच्या मनासारखे आले नाही.

आता आमच्या घरातील मैनेकडे येते.

आमचे गाव गडहिंग्लज तालुक्यात. आज्जी संकेश्वरची. मध्ये जेमतेम पंधरा किलोमीटर. तिच्या लहानपणी हे अंतर म्हणजे बैलगाडीचा एक फेरा होता. ती तेथील कन्नड शाळेत चार इयत्ता शिकली. १९५६ च्या नोव्हेंबरात संकेश्वर म्हैसूर राज्यात गेले, गडहिंग्लज मुंबई राज्यात राहिले. १९५७ साली आज्जीचे लग्न झाले. सासर-माहेरच्या मध्ये एक राज्य उभे राहून पुरते वर्षही झाले नव्हते. ती मराठी आमच्यासारखीच बोलते. पण पैसे मोजताना, भाकऱ्या मोजताना आकडे अजून कन्नडमध्ये येतात.

आज्जा १९५८ च्या सीमा सत्याग्रहात गेला होता, काही दिवस तुरुंगात राहून आला. त्याची गाण्यांची वही माझ्याकडे आहे. लाल पुठ्ठा, कडा उंदरांनी खाल्लेल्या. ‘माझी मैना’ तीत पाच पानांवर उतरवलेली आहे, पूर्वार्ध निळ्या शाईत, उत्तरार्ध काळ्या शाईत. म्हणजे दोन वेगवेगळ्या वेळी लिहिलेली. कदाचित त्यालाही ती आधी अर्धीच मिळाली असेल. ज्या ओळीत मुलखांची नावे येतात तेथे समासात शिसपेन्सिलीने एकच शब्द आहे: संकेश्वर. गाताना तो ते नाव मध्ये घालत असे. मी लहानपणी ऐकले तेही तसेच, त्यामुळे कित्येक वर्षे मला ते मूळ गाण्यातलेच वाटत होते. छापील संहितेत ते सापडले नाही तेव्हा मी चक्रावले. मौखिक परंपरेत असे घडते, प्रत्येक गाव आपले नाव गाण्यात शिरवते, वगैरे आम्हाला वर्गात शिकवले होते. आपल्या आज्जाच्या अक्षरात ते पाहणे निराळे.

२०२३ च्या दिवाळीत मी आज्जीला विचारले, आज्जा गात असताना तू काय करत होतीस?

“भाकरी थापत हुते. दुसरं काय करनार?” ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, “संकेश्वर म्हटलं की माझा हात थांबायचा. माझं गाव गान्यात घातलंय म्हनून बरं वाटायचं. आनि गेलं, गेलं म्हनत्यात म्हनून रागबी यायचा. गेलंय कुठं? हाय तितंच हाय की. दर पंचमीला जात हुते मी.”

मग तिने मला तिच्या शाळेत म्हणवून घेत ते गाणे गुणगुणून दाखवले. शब्द निम्मे विसरलेले, चाल पक्की. मी ते ध्वनिमुद्रित केले आणि अथणीच्या मैत्रिणीला पाठवले. तिने तत्काळ ओळखले. हुयिलगोळ नारायणरावांचे कन्नड एकीकरणाचे गीत, आमच्याकडे लहान पोरांनाही येते, असे तिचे उत्तर आले.

हे गीत १९२४ च्या डिसेंबरात काँग्रेस अधिवेशनात गायले गेले होते. गांधीजी ज्याचे अध्यक्ष होते ते एकमेव अधिवेशन, आणि ते भरले होते बेळगावात. तेथेच कर्नाटक एकीकरणाची परिषदही झाली. त्यानंतर बावीस वर्षांनी, १९४६ च्या मे महिन्यात, त्याच बेळगावात ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरले आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. आपल्या पाठ्यपुस्तकांत दुसरी घटना असते, पहिली नसते. तिकडच्या पाठ्यपुस्तकांत काय असेल याचा अंदाज तुम्ही करा. कन्नड भाषक तेव्हा मुंबई, मद्रास, हैदराबाद, म्हैसूर, कोडगू अशा अनेक अमलांखाली विखुरलेले होते. मुंबई इलाख्याच्या दक्षिण जिल्ह्यांत शाळा-कचेऱ्यांवर मराठीचे वजन होते आणि ते त्यांना जाचत होते. आलूर वेंकटराव हे त्यांच्या एकीकरणाचे एक प्रमुख प्रवर्तक. ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले, त्यांनी टिळकांचा ‘गीतारहस्य’ कन्नडमध्ये नेला आणि १९१७ मध्ये ‘कर्नाटक गतवैभव’ लिहून आपल्या लोकांना निराळ्या इतिहासाची जाणीव करून दिली. ताटातुटीची भाषा त्यांच्याकडेही होती, आपल्याआधीपासून होती. १ नोव्हेंबर १९५६ या एकाच दिवशी त्यांचे गाणे फळाला आले आणि आपल्याला गाण्याचे निमित्त मिळाले. आज जतच्या पूर्व भागात, अक्कलकोटात, दक्षिण सोलापुरात कन्नड बोलणारी जी गावे महाराष्ट्रात आहेत, ती त्यांच्या लेखी गावावर राहिलेलीच.

आता तुम्ही म्हणाल, मग हे गाणे अर्धेच गावे का? तसे गाणारे पुष्कळ आहेत. मी ऐकलेल्या लोककलेच्या निम्म्याहून अधिक कार्यक्रमांत छक्कड मैनेच्या रूपापाशी आणि विरहापाशी थांबवली जाते. टाळ्या मिळतात, कोणी दुखावत नाही. मला हे पटत नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात पडलेल्या माणसांचा आकडा १०५, पुढे १०६, १०७ असा आपण सांगतो. ती माणसे उत्तरार्धात आहेत. बेळगावच्या माझ्या वर्गमित्राचे वडील उत्तरार्धात आहेत. ते कापून टाकले की अण्णा भाऊ हे एक रसाळ लावणीकार उरतात, आणि नेमके तेच करून घ्यायला पुष्कळांना आवडेल. सरकारने २०२३ साली राज्यगीत निवडले ते राजा बढ्यांचे, महाराष्ट्राचा जयजयकार करणारे, आणि त्यातलीही दोनच कडवी घेतली. कर्नाटकाने २००४ मध्ये कुवेंपूंची कविता घेतली. राज्याला गौरव लागतो. तक्रार असलेले गाणे कोणतेही राज्य अंगाला लावून घेत नाही, त्यासाठी रस्त्यावरचे गळे लागतात.

संघर्ष आणि लोकस्मृती या विषयावर आमचे एक चर्चासत्र झाले. त्यात मी मैनेवर बोलले आणि एका सहाध्यायीने आयर्लंडच्या ‘क्रॅनबेरीज’ या वाद्यवृंदाचे ‘झॉम्बी’ घेतले. मार्च १९९३ मध्ये इंग्लंडमधील वॉरिंग्टन येथे आयआरएच्या बॉम्बस्फोटात तीन आणि बारा वर्षांची दोन मुले दगावली, त्यावरचे ते गाणे. २०२३ च्या रग्बी विश्वचषकात आयर्लंडचे हजारो प्रेक्षक ते एकसुरात गाऊ लागले. अनेकांना तो शांततेचा उत्सव वाटला. उत्तर आयर्लंडमधील काहींना मात्र त्यात दक्षिणेच्या सुखवस्तू लोकांनी आपले भोग गिळून टाकल्याचे दिसले. सत्रात मुले विचारत राहिली, मग योग्य कोण? मला त्या वेळी बेळगावच्या मित्राचे हसणे आठवत होते. संघर्षापासून दूर असणाऱ्याला गाणे निर्मळ ऐकू येते, त्यात राहणाऱ्याला त्यातली गाळलेली जागा आधी ऐकू येते. दोघे एकच ध्वनिमुद्रण ऐकत असतात. श्रोते दोन तटांत उभे असतात असे समजून मी प्रबंधिका लिहायला घेतली होती. आज्जीचा हात भाकरीवर थांबायचा, आणि त्यात बरे वाटणे व राग येणे दोन्ही होते, हे ऐकल्यावर ते प्रकरण मी फाडून टाकले. तट माणसाच्या आत पडतो. ते दाखवायला तळटीप कशाची द्यावी हे मात्र मार्गदर्शकांनाही सांगता आले नाही.

या वर्षी पाडव्याला मैत्रीण आमच्या घरी आली. आज्जी आणि ती स्वयंपाकघरात दोन तास कन्नडमध्ये बोलत बसल्या. मला चार शब्द कळत होते, बाकी सगळे हसणे. अर्धे विसरलेले शाळेतले गाणे तिने आज्जीकडून पुरे करून घेतले. मग आज्जी मला म्हणाली, आता तुजं म्हन. मी वही काढली आणि पूर्ण छक्कड गायली, पेन्सिलीतल्या नावासकट. चार मुलखांच्या वेळी मैत्रीण गप्प होती, तो तिचा हक्क आहे. संकेश्वरला मात्र ती आज्जीकडे पाहून हसली. आज्जी पुरणाचे ताट पुढे सरकवत म्हणाली, जेवा आता, गार हुतंय.

वहीतील पाने स्कॅन करून ठेवली आहेत, समासातील शब्दासह. पुढील भागात महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल पाहू: २६४ गावे इकडे, २४७ गावे तिकडे, आणि महाराष्ट्राने तो का नाकारला. जत, अक्कलकोट किंवा खानापूर भागातील कोणाच्या घरी अशी हस्तलिखित गाण्यांची वही असेल, मराठी वा कन्नड, तर जरूर कळवा.